फ्रीजमधला कंद

आमच्या बेळगावात सध्या बायकांत एक नवा वाद रंगलाय. डॅफोडिलचे कंद फ्रीजमध्ये ठेवावेत की नाही? सुनेने ऑनलाइन मागवून कागदी पिशवीत, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवले, आणि सासूबाई म्हणाल्या, कांदा आला घरात! दिसतोही अगदी कांद्यासारखाच.

मी दोघींच्याही बाजूने नाही.

आधी सासूबाई. कंदमूळ अभक्ष्य, म्हणजे खायचं नाही. हा कंद तर विषारी, तो खाणार कोण? (कांदा खाणाऱ्यांच्या घरात मात्र चुकून फोडणीत जायचा!) आणि आपल्या डब्यातलं हळकुंड, सुंठ काय झाडाच्या शेंड्याला लागतात? वाळलेली चालतात, मान्य. पण कंद शेजारी ठेवल्याने दही बाटतं, हे कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवा. धर्म फक्त सुनेच्या फ्रीजपुरता आठवायचा, ही खोड जुनीच.

आता सूनबाई. डॅफोडिल मूळचं स्पेन-पोर्तुगालकडचं. फूल यायला त्याच्या कंदाला 12 ते 16 आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा रात्री पारा सहसा 10 अंशांच्या खाली उतरत नाही, म्हणून हा फ्रीजचा खटाटोप. पुढे कुंडीत लावला की थोडे दिवस फूल, त्याचा फोटो, झालं. फुलानंतर पानं निदान सहा आठवडे हिरवी राहायला हवीत, तेव्हा कुठे कंद पुन्हा भरतो. इथे तोवर ऊन तापतं. नंतर आपला पाऊस. निजलेला कंद मातीत कुजतो. पुढच्या वर्षी नवे कंद मागवायचे. थंड मुलुखात हाच कंद वर्षानुवर्षं एका जागी जगतो, त्याला पिल्लं फुटतात.

ज्याला आपण अनंतकाय म्हणतो, एका देहात अनंत जीव मानून जिभेला लावत नाही, तो कुजवण्यासाठी विकत आणायचा? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे त्यात येतं. फ्रीज कुठेच नाही, हे सासूबाईंनीही वाचावं.

कुणी म्हणेल, मग बागच नको. का नको? निशिगंध लावा. तोही परक्या मुलुखातला, मेक्सिकोचा. परकेपणाशी माझं भांडण नाही. पण तो आपल्या मातीत रुळलाय, न उपटता दरवर्षी फुलतो. भुईचाफा लावा. उन्हाळ्यात पानाआधी थेट जमिनीतून फूल काढतो, पाहुण्यांना दाखवायला त्याहून नवल काय हवं? शिवाय जिवंत राहतो.

ज्यांच्या फ्रीजमध्ये कंद आलेच आहेत, त्यांनी भांडणापायी ते कचऱ्यात टाकू नयेत. सफरचंदं, केळी जवळ ठेवू नका, पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘विषारी’ लिहा, घरात लहान मुलं असतात. आणि यंदाचे शेवटचे, एवढं सासू-सुनेने मिळून ठरवा.