घोयऱ्यासाठी दिवा कोणता?

गेल्या हिवाळ्यात कॅम्पातील एका कुंपणावर आमच्या मित्रांना घोयरा सापडला. म्हणजे दोन्ही डोळे निरनिराळ्या दिशांना फिरविणारा, रंग बदलणारा सरडा. त्यास खोक्यात ठेवून उबेसाठी कोणता दिवा लावावा, यावर वर्गात मोठा वाद माजला. कोणी लाल दिवा सुचविला, कोणी एलईडी. माझे मत निराळे होते; ते येथे मांडतो.

सरड्याचे शरीर आपल्यासारखे सदा उष्ण नसते. ऊन खाल्ल्यावाचून त्यास अन्नही नीट पचत नाही. एलईडी उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. तारेचा जुना बल्ब मात्र बहुतेक वीज उष्णतेतच घालवितो; घरात हा त्याचा दोष, येथे तोच गुण! परंतु तो खोक्याच्या आत टांगला, तर घोयरा त्यास बिलगून भाजून निघेल. रात्री त्यास अंधार व गारवा हवा. लाल दिवा तरी अंधार कोठे राहू देतो? शिवाय हाडांना लागणारे 'ड' जीवनसत्त्व सूर्याच्या अतिनील किरणांनी तयार होते. ते ना या बल्बातून मिळत, ना खिडकीच्या काचेतून पुरेसे येत. म्हणजे एका सूर्याच्या जागी दोन दिवे, तेही मोजूनमापून! परदेशात पाळणारे तसे करतात.

आपल्या घोयऱ्यास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्यास धरून पाळणे गुन्हा ठरतो. हे ऐकून मित्र हिरमुसले. (खोक्याला भोके पाडण्यात त्यांची अख्खी दुपार गेली होती.) दुसऱ्या दिवशी सकाळी खोके कुंपणापाशी उघडले. घोयरा डुलत डुलत फांदीवर चढला आणि अंग काळसर करून, उन्हाला कूस देऊन बसला.