रहस्यकथेला मंडई चालते

रहस्यकादंबरी बार्सिलोना किंवा सेव्हिलमध्ये शोभते, पुण्याच्या मंडईत ती रुजत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यासाठी दोन कारणे पुढे केली जातात. स्पॅनिश शहरांच्या अरुंद, अंधाऱ्या गल्ल्यांतच गूढ असते, हे पहिले. पेठांत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तिथे काही लपत नाही, हे दुसरे.

पहिल्या कारणाचे खंडन स्पॅनिश कादंबऱ्याच करतात. मान्युएल वाझ्केझ मोन्तालबान यांच्या 'लोस मारेस देल सूर' (१९७९) या कादंबरीत बार्सिलोनातला एक बडा बिल्डर नाहीसा होतो. तो दूरच्या बेटांवर गेला, असा सर्वांचा समज असतो. वर्षभराने त्याचा भोसकलेला मृतदेह सापडतो. मधला काळ त्याने शहराच्या कडेला, स्वतःच बांधलेल्या निकृष्ट वसाहतीत काढला होता, हे गुप्तहेर कार्व्हालो शोधून काढतो. गूढाची मुळे इथे जमिनीच्या व्यवहारात आहेत. वाड्याचा मालक, जुन्या भाड्यावर राहणारे बिऱ्हाडकरू आणि पुनर्विकासासाठी आलेला बिल्डर यांच्यातला पेच पुण्याच्या पेठांना नवा नाही.

दुसरे कारण पुण्याच्या इतिहासापुढे टिकत नाही. १९७६-७७ मधल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडामुळे शहराने दारे लवकर लावायला सुरुवात केली. मारेकरी निघाले याच शहरातल्या कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला होता. ओळखीमुळे दार उघडले जाते, संशय मात्र येत नाही.

मराठी रहस्यकथांत शहर पुष्कळदा नावापुरते असते, हे खरे. पण तो दोष लेखनाचा आहे, गावाचा नाही. सुहास शिरवळकरांनी पुण्यात राहूनच रहस्यकथा लिहिल्या आणि मंदार पटवर्धन हे घरोघरी आढळणाऱ्या आडनावाचे पात्र लोकप्रिय केले.

मंडईत तर कथानकाची सामग्री तयारच आहे. कार्व्हालो स्वयंपाकासाठी बोकेरिया बाजारात खरेदी करतो. बाजार हे शहराची नाडी कळण्याचे ठिकाण, हे मोन्तालबानला ठाऊक होते. पुण्याच्या मंडईवरच्या, म्हणजे १८८६ मध्ये उघडलेल्या अष्टकोनी रे मार्केटवरच्या, खर्चाला नगरपालिकेतील जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता; तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. इथे पहाटे टेम्पोतून पोती उतरतात, हमाल ती गाळ्यांवर पोचवतात, आणि एखादा गाळा उघडला नाही तर शेजारच्याला ते आधी कळते. कोणाची उधारी थकली, कोणाचे भावाशी बिनसले, हेही त्याला माहीत असते. पण पोलिसांनी विचारल्यावर तो तोंड उघडेलच असे नाही. माहिती असणे आणि ती सांगणे यांतल्या या अंतरावर रहस्यकथा उभी राहते. ते अंतर नेमके मांडायचे, तर लेखकाला गाळा, भाडे, उधारी आणि नातेसंबंध यांचा बारीक अभ्यास करावा लागेल.