टेम्पोला आधी सायलेन्सरच्या गरमीचा काटा, मग गाण्यांचा डबा

 
आजचा मेसेज फवारणीचा नाही, माल नेणाऱ्या गाडीचा आहे. मत माझं स्वतःचं आहे, पटलं तर घ्या.

मागच्या टोमॅटो सीझनला माझ्या पुतण्याचा जुना टेम्पो वाशीला माल उतरवून परत येत होता. रिकामं येणं परवडत नाही, म्हणून रिटर्न भाड्याला पत्रे-पाइप भरलेले. कसारा घाट चढताना गाडीचा दम गेला आणि मागून धूर निघाला. पाण्याचा काटा मात्र निम्म्यावरच होता! हेड खोललं तर एका पिस्टनच्या डोक्याला भोक. दुसऱ्या दिवशीचे कॅरेट बांधावर पडून राहिले, हप्ता काही थांबला नाही. घरात सगळे ड्रायव्हरला बोलले. मला विचाराल तर त्याची चूक नव्हती, त्याला समोर दिसायलाच काही नव्हतं.

पाण्याचा काटा उशिरा बोलतो. आत डिझेल जळून किती गरमी झाली, हे बाहेर पडणारा गॅस काही सेकंदांत सांगतो. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. ऑइल आणि पाणी त्याची गरमी ओढून नेतात म्हणून तो टिकतो. पण लोड घेऊन, वरच्या गिअरमध्ये पाय दाबून घाट चढवला की त्यांचंही चालत नाही.

म्हणून टर्बोवाल्या जुन्या गाडीला हा काटा बसवाच. सेन्सर मॅनिफोल्डला, टर्बोच्या आधी लावा. टर्बोच्या नंतर लावला तर भर लोडला आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि आपण उगाच निर्धास्त राहतो. भोक पाडायचं तर मॅनिफोल्ड उतरवूनच. "जागेवरच पाडतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडा, कारण लोखंडाचा एक कीस टर्बोत गेला तर पंखा गेलाच समजा.

चालवताना टर्बोच्या आधीचा आकडा 650 च्या पुढे जायला लागला की पाय हलका करा आणि एक गिअर खाली घ्या. 700 च्या वर सलग चालवू नका. खालच्या गिअरने इंजिन जास्त तापतं असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. ते इथे लागू नाही. फेरे वाढले की हवा जास्त मिळते, आणि प्रत्येक फेऱ्याला डिझेल कमी पडतं, म्हणून गॅस थंड होतो. मुक्कामाला पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. आकडा 150-200 पर्यंत उतरू द्या, टर्बोचं बेअरिंग वाचतं.

नेहमीच्याच रस्त्याला, नेहमीच्याच लोडला आकडा वाढलेला दिसला तर आधी एअर फिल्टर बघा (आपल्या धुळीत तो लवकर चोंदतो), मग इंटरकूलरचा पाइप फुटलाय का आणि नोझल बरोबर आहेत का ते बघा. आणि पंप वाढवून घेणं बंद करा. पुतण्याच्या टेम्पोचा वाढवलेला होता, ते नंतर कळलं. काळा धूर म्हणजे ताकद नाही, हवेवाचून अर्धवट जळलेलं तुमचंच डिझेल आहे ते.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना मात्र भोक पाडू नका, वॉरंटी अडकेल. त्यांच्यात कंपनीचेच सेन्सर असतात, आणि बऱ्याच गाड्यांचा आकडा स्कॅनर लावून मोबाइलवर बघता येतो. या गाड्यांचा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा आत सहाशेच्या आसपास गरमी होते. अशा वेळी गाडी कडब्यावर, पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका.

एलईडी, हॉर्न, गाण्यांचा डबा, सगळ्याला आपल्याकडे पैसे निघतात. या काट्यासाठी तेवढे काढा. ज्यांनी बसवलाय त्यांनी घाटात भर लोडला किती आकडा जातो, गाडी कोणती आणि माल किती टन होता, ते ऑफिसच्या नंबरला व्हॉइस मेसेजने कळवा. कंपनीच्या दोन गाड्यांना काटा बसवायचा विषय मी पुढच्या मीटिंगला मांडणार आहे, तेव्हा हे आकडे कामाला येतील.