औषधाइतकेच अन्न

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत. हा रोग जंतूंमुळे होतो. परंतु जंतू शरीरात शिरलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खचली, की जंतूंचे फावते.

१९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की नियमित औषधे घेणारा क्षयरुग्ण घरी राहूनही बरा होऊ शकतो. पण त्या घरातील इतरांचे काय? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात काही रुग्णांच्या कुटुंबीयांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली. केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत येथे नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

अन्न पुरवणे हे आरोग्य खात्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने रोग टळतो, त्याला औषधच मानले पाहिजे. औषधे न चुकता पूर्ण घेणे ही रुग्णाची जबाबदारी आहे. तशीच त्याच्या घरातील प्रत्येकाला सकस अन्न मिळेल हे पाहणे, ही शासनाची व समाजाची जबाबदारी आहे.