सीलंटची तारीख

ट्यूबलेस सायकलच्या चाकात हवा टिकते ती चार गोष्टींवर: टायरची कड म्हणजे बीड, रिमवरची टेप, वॉल्व्ह आणि आतले पातळ सीलंट. फ्रान्सच्या माव्हिक कंपनीने 1999 मध्ये माउंटन बाइकसाठी आपली ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला स्पोकची भोकेच नव्हती आणि टायर इतका जाड होता की सीलंटवाचूनही हवा राहत असे. पुढे टायर हलके होत गेले, भोके टेपने झाकली जाऊ लागली आणि हवा राखण्याचा बराचसा भार सीलंटवर आला. सीलंट वाळते. त्यामुळे ट्यूबलेस सायकल पंक्चर होवो न होवो, ठरावीक काळाने तिला दुकानाची पायरी चढावीच लागते. ही गोष्ट ग्राहकांना माहीत नसते आणि पुष्कळ दुकानदारही ती सांगत नाहीत.

विरार पूर्वेला फुलपाड्यातून पापडखिंड धरणाकडे किंवा शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीला निघालेल्या सायकलच्या चाकात बाभळीचा काटा, काच नाहीतर बांधकामावरच्या बारीक तारेचा तुकडा घुसतो. पावसाळ्यात हे अधिक होते, कारण ओल्या रबराला काच लवकर कापते. चाक बंद पडले की जवळचे दुकान बहुधा मोटारसायकलच्या पंक्चरचे असते. तिथे टोच्याने भोक मोठे करून जाड रबरी पट्टी ठोकण्याची रीत आहे. मोटारसायकलच्या जाड टायरला ती मानवते. सायकलच्या पातळ टायरचे दोरे मात्र या टोच्याने तुटतात आणि जे भोक सीलंटने आपोआप बुजले असते, ते कायमचे होऊन बसते. सायकलसाठी दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या मिळतात, त्याच दुकानात ठेवाव्यात.

काटा उपसण्याआधी सीलंट ओले आहे की नाही ते पाहावे. चाक कानाशी धरून हलवले तर आत द्रव खळखळल्याचे ऐकू येते. खात्री हवी असेल तर हवा सोडून वॉल्व्हची आतली सुई, म्हणजे कोअर, काढावी आणि बारीक प्लास्टिकची काडी आत घालून पाहावी. काडी कोरडी आली तर आत फक्त रबराची कातडी आणि गोळे उरले आहेत असे समजावे. सीलंट ओले असेल तर काटा काढून भोक खाली येईल असे चाक फिरवावे, थोडा वेळ तसेच धरावे आणि मगच हवा भरावी. साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचे भोक रुंद, कमी दाबाच्या टायरमध्ये बुजते. अरुंद रोड टायरमध्ये दाब जास्त असल्याने त्याहून लहान भोकालाही पट्टी लागते. बाजूची भिंत फाटून दोरे तुटले असतील तर टायर बदलावा. तिथे ठिगळ लावून ग्राहकाला महामार्गावर पाठवू नये.

हवा रोज थोडी थोडी उतरत असेल तर साबणाचे पाणी लावावे. वॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे आले तर त्याची चकती हातानेच आवळावी. पक्कड लावली की वाटेत ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती चकती सुटत नाही. स्पोकच्या निपलमधून हवा येत असेल तर दोष टेपचा. काळी इन्सुलेशन टेप किंवा खोके बांधायची चिकटपट्टी उन्हात सुटते, तिच्यावर वेळ घालवू नये. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप, रिम स्पिरिटने पुसून, ताणून बसवावी आणि वॉल्व्हच्या जागी दोन थर येऊ द्यावेत. वॉल्व्हचे भोक ब्लेडने फुली मारून करू नये, फुलीच्या टोकांपासून टेप फाटत जाते. टोकदार सळई तापवून गोल भोक पाडावे.

टायर चढवताना वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून वॉल्व्हपाशी संपवावे. बीड रिमच्या मधल्या खोलगटात दाबत गेले की कड सैल पडते, म्हणजे लोखंडी पट्टीने टेप ओरबाडली जात नाही. मग कोअर काढून, बीडला साबणाचे पाणी लावून कॉम्प्रेसरच्या ब्लो-गनने हवेचे छोटे झटके द्यावेत. टक-टक आवाज करत बीड बसते. ब्लो-गनला दाबाचा काटा नसतो, म्हणून इथे हात आखडता घ्यावा. नंतर वॉल्व्हमधून सीलंट सोडावे: 28 मिलिमीटरच्या रोड टायरला 30 ते 40 मिलिलीटर, 29 इंची माउंटन बाइकला 90 ते 120. कोअर लावून, हवा भरून चाक दोन्ही कुशींवर काही वेळ आडवे ठेवावे. अंगठ्याने दाबून पाहत टायर टणक होईपर्यंत हवा भरण्याची जुनी सवय इथे सोडायला हवी. हुकलेस, म्हणजे कडेला बीड पकडणारा हुक नसलेल्या, रिमला 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे, आणि रिमवर किंवा टायरवर त्याहून कमी आकडा छापला असेल तर तोच पाळायचा.

ट्यूब घालायची पाळी आली तर आधी टायर आतून फडक्याने चाचपावा. सीलंटने झाकलेले जुने काटे तिथे ग्राहकाच्या नकळत साठलेले असतात आणि नवी ट्यूब पहिल्याच वळणावर फोडतात. निघालेले सीलंट गटारात ओतू नये, फडक्यात टिपून वाळू द्यावे.

किनारपट्टीच्या उन्हाळ्यात लॅटेक्सचे सीलंट दोन-तीन महिन्यांतच आटते. मार्चमध्ये भरलेले जूनच्या पहिल्या पावसापर्यंत टिकेल असे धरून चालू नये. दुकानदारांनी भरल्याची तारीख आणि मिलिलीटर लिहून रिमवर कागद चिकटवावा, ग्राहकाचा नंबर वहीत घ्यावा आणि मुदत आली की फोन करावा. ट्यूबलेसचे हे तासाभराचे काम पंक्चरच्या दरात परवडणारे नाही. ट्यूबलेस सर्व्हिसचा वेगळा दर फलकावर आजच लिहावा.