पाण्याचा रिपोर्ट दाखवा

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी, हे त्याचे वचन. किती घरांत नळ लागले, हे आज कोणीही मोबाइलवर पाहू शकतो. पण त्या नळाच्या, शेजारच्या बोअरच्या किंवा चौकातल्या हातपंपाच्या पाण्यात नेमके काय आहे, हे आमच्या कुडव्यात कोणालाही विचारा. सांगता येणार नाही. पाणी आले का, एवढेच आपण विचारतो. आलेले पाणी कसे आहे, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. ती सवय आपल्या पिढीने लावावी आणि मुस्लिम तरुणांनी त्यात पुढे असावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॅशबोर्ड बनवणे हे माझे पोटापाण्याचे काम. त्यामुळे स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. कोणीतरी कुठेतरी आकडा भरला, एवढेच तो सांगतो. आकडा खरा आहे की नाही, हे जाऊन पाहावे लागते. पाण्याच्या बाबतीत जाऊन पाहणे म्हणजे नमुना घेऊन तपासणे.

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पाणी भरपूर आहे म्हणून ते चांगलेच असणार, असे आपण धरून चालतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे. आपल्या जिल्ह्याखाली मात्र त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. त्यातल्या एका प्रकाराला भूगर्भशास्त्रात आपल्या आमगावचेच नाव आहे, आमगाव नाइस. अशा खडकांतल्या काही खनिजांमध्ये फ्लोराइड असते आणि पाणी जितका जास्त काळ खडकात मुरून राहते तितके ते त्यात उतरते. म्हणजे खोल बोअरचे थंडगार, नितळ पाणी हेच कधी कधी जास्त धोक्याचे. केंद्रीय भूजल मंडळाने महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याची नोंद केली, त्यांत चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांच्यासोबत गोंदियाही आहे. नायट्रेटच्या यादीतही गोंदिया आहे. याचा अर्थ कुडव्याच्या प्रत्येक बोअरमध्ये विष आहे असा नाही. तपासल्याशिवाय कोणी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यानुसार लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ही दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते. मोठ्या माणसाचे दात पिवळे-तपकिरी दिसले की आपण खर्ऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. पण आठ-दहा वर्षांच्या पोराच्या दातांवर तसे डाग असतील तर पाण्याकडे बघायला हवे. फ्लोराइड दातांवरच थांबत नाही. वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. नायट्रेट येते शेतातल्या युरियातून, गोठ्यातून, बोअरला खेटून खणलेल्या संडासाच्या खड्ड्यातून. जास्त नायट्रेटचे पाणी घालून बाळाचे दूध बनवले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

ज्यांना परवडते ते आरओ बसवतात, बाकीचे थंड पाण्याची कॅन लावतात. सील नसलेल्या कॅनवर ना आयएसआयचा शिक्का असतो, ना तपासणीची तारीख. आरओ विकणारा पेनासारखे टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि घरातली आई घाबरते. ते मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एक अंदाज देते. त्यात फ्लोराइड किती, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. दोन सळ्या बुडवून वीज सोडल्यावर पाणी तपकिरी होते, तो रंगही बहुतेक त्या लोखंडी सळीचाच असतो.

जंतूंचा मामला तर वर्षांवर नाही, दिवसांवर असतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विजेचे बिल थकल्याने पाणीपुरवठ्याची वीज तुटली होती. लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले, साथ पसरली, माणसे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. ही शहराला चिकटून झपाट्याने वाढलेली गावे आहेत. वस्ती शहराइतकी दाट आणि पाण्याची व्यवस्था मागे राहिलेली. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याने यातून काय समजायचे, ते वेगळे सांगायला नको.

पाणी तपासायची व्यवस्था कागदावर चांगली आहे. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हावी, पावसाळ्याआधी आणि नंतर. स्रोताभोवतीच्या घाणीची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. टीसीएल पावडर टाकायला जलसुरक्षक असतो. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत आणि सामान्य माणूसही तिथे नमुना देऊ शकतो. फक्त जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा.

आणि दोष निघाला तर? उपाय आहेत. फ्लोराइड काढायची तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच शोधली. त्याहून सोपे म्हणजे तो बोअर पिण्यासाठी बंद करून दुसऱ्या स्रोताचे पाणी देणे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली होती. तिचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो.

काही मित्र म्हणतील, आपल्यापुढे काय कमी प्रश्न आहेत? घर, नोकरी, रोज टीव्हीवर चालणारी बदनामी, आणि तू क्लोरीनची गोष्ट सांगतोस. प्रश्न मोठे आहेत हे खरेच. पण ग्रामसभेत आपला मोहल्ला दिसतो तो बहुतेक कब्रस्तानच्या भिंतीचा विषय असला तरच. मग आपणही ‘त्यांचा विषय’ होऊन बसतो. पाण्याचा रिपोर्ट मागणारा माणूस सगळ्या गावासाठी बोलतो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा लढा झाला तेव्हा डिसेंबरच्या परिषदेसाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना. ती जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. सार्वजनिक पाणी सगळ्यांचे, या लढ्याशी आपलेही नाते आहे. आणि स्वच्छ पाणी ही मेहेरबानी नाही. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात १९९१ मध्येच म्हटले आहे.

आपल्या घरातही थोडे बघू. मरहूम वडिलांच्या नावाने बोअर मारून देणे, मशिदीच्या दारात कूलर बसवणे, हा आपल्याकडे सदका-ए-जारिया मानला जातो. चांगलीच गोष्ट आहे. त्या कूलरवर नावाची पाटी असते, पाणी कधी तपासले याची तारीख नसते. वर्गणी गोळा करतानाच तपासणीचा खर्च धरला तर त्या सवाबाला कोणाच्या आजाराचा डाग लागणार नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. येणाऱ्या ग्रामसभेला पाच-सहा जणांनी, शक्यतो सगळ्या मोहल्ल्यांतून मिळून, जावे. बहिणींनाही न्यावे, कारण किट त्यांच्या हाती द्यायचे आहे. चार गोष्टी लेखी विचाराव्यात: गावात पाण्याचे स्रोत किती, प्रत्येकाची शेवटची तपासणी कधी झाली, रिपोर्टमध्ये काय आले, आणि किट कोणाकडे आहे. उत्तर मिळाले नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, ३० दिवसांची मुदत आहे. मिळालेला रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लावा, साध्या मराठीत, कोणते पाणी प्यावे आणि कोणते फक्त वापरावे हे लिहून. आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागा.