कटापेक्षा कागद दाखवा

कारस्थानांवरच्या चित्रपटांत एक खोली हमखास असते. अंधूक दिवा, लांब टेबल, भोवती बसलेले चार-सहा बडे लोक आणि त्यांच्या इशाऱ्यावर हलणारे अख्खे सरकार. प्रेक्षकाला ही खोली पटते, कारण तिथे अन्यायाला चेहरा मिळतो आणि तो चेहरा आपला नसतो. १९७७ च्या ‘कॅप्रिकॉर्न वन’मध्ये मंगळावरची स्वारी बनावट सेटवर चित्रित करून जगाला फसवले जाते. असा चित्रपट पाहून माणूस सगळ्यावरच संशय घ्यायला शिकतो. एखादी गोष्ट खरी की खोटी हे तपासायचे कसे, ते मात्र शिकत नाही. गैरप्रकार दडपले कसे जातात हे ज्यांना खरोखर सांगायचे आहे, त्यांनी कॅमेरा या खोलीतून काढून फायलींच्या कपाटापाशी न्यावा, असे माझे म्हणणे आहे. मोठमोठ्या पापांवर पांघरूण पडते ते बहुतेक वेळा कार्यालयीन वेळेत, सहीशिक्क्यानिशी. त्यात हातभार लावणाऱ्या कित्येकांना आपले काही चुकते आहे असे वाटतही नाही.

‘स्पॉटलाइट’ (२०१५) हा याचा सर्वांत चांगला दाखला. बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतात मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिले. ‘बॉस्टन ग्लोब’ने जानेवारी २००२ पासून ते उघडकीस आणले. चित्रपटातला सर्वांत थरारक भाग म्हणजे चर्चने स्वतःच छापलेल्या वार्षिक सूच्यांचे वाचन. कोणाची नेमणूक कुठे आहे हे त्यांत असते आणि काहींच्या नावापुढे ‘आजारपणाची रजा’ अशी साधी नोंद. पत्रकार ओळीवर पट्टी धरून एकेक वर्ष तपासत जातात, तशी त्या रजांमागची रीत उघडी पडते. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो सलग वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. वीस धर्मगुरूंविषयीची माहिती कित्येक वर्षांपूर्वी याच वृत्तपत्राकडे आली होती आणि ती बातमी आतल्या पानात विरून गेली, हेही चित्रपट लपवत नाही. ती विरू देणारा संपादक कोणत्याही कटात सामील नव्हता. दडपादडपीचा इतका खरा चेहरा पडद्यावर क्वचितच दिसतो.

मायकेल मान यांचा ‘द इन्साइडर’ (१९९९) तंबाखू कंपनीतला संशोधक जेफ्री विगंड यांच्यावर आहे. चित्रपटात त्यांच्या टपालपेटीत बंदुकीची गोळी सापडते, पण त्यांची मुलाखत अडते ती करारातल्या कलमामुळे. गोपनीयतेचा करार मोडायला लावल्याबद्दल कंपनी आपल्यावरच जबर नुकसानभरपाईचा दावा लावेल, असा सल्ला वकिलांनी दिला आणि १९९५ मध्ये सीबीएस वाहिनीने ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत रोखून धरली. ती पुरती दाखवली गेली फेब्रुवारी १९९६ मध्ये. दरम्यान विगंड यांच्या घरात आजारी मुलीच्या वैद्यकीय विम्याची चिंता आहे, कारण तो विमाही कंपनीच्याच हातात. जागल्याला मोडायला मारेकरी लागत नाहीत, हे त्या घरातले प्रसंग पाहताना अंगावर येते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप म्हणजे ऑलिव्हर स्टोन यांचा ‘जेएफके’ (१९९१). तपशिलांबाबत सैल आणि अंधाऱ्या खोलीवर पुरता विसंबलेला हा चित्रपट; पण त्याने उठवलेल्या वादळामुळेच अमेरिकी काँग्रेसने १९९२ मध्ये केनेडी हत्येची कागदपत्रे खुली करण्याचा कायदा केला. निव्वळ संशयानेही कागद बाहेर निघू शकतात, हे मान्य करायलाच हवे. तरीही लाखो पाने खुली झाल्यावर संशय शमला नाही. कोणता पुरावा मिळाला की समाधान मानायचे, हे त्या चित्रपटाने प्रेक्षकाला कधी सांगितलेच नव्हते. आणि कागद पडद्यावर कंटाळवाणा होतो म्हणणाऱ्यांनी ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) पाहावा. दोन वार्ताहर काँग्रेसच्या ग्रंथालयात चिठ्ठ्यांचे ढीग उपसतात आणि कॅमेरा वर वर जात राहतो. हाती काही लागत नाही, तरी नजर हलत नाही.

आपल्याकडे ‘सिंहासन’मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहून शेवटी वेडा होतो. ‘जाने भी दो यारो’तले (१९८३) दोघे छायाचित्रकार निर्दोष असून तुरुंगात जातात. दोन्ही चित्रपट थोर आहेत आणि इथली परिस्थितीच तशी आहे, हे म्हणणे खोटे नाही. पण परिस्थिती तशी झाली कशी, हे दाखवणारा चित्रपट आपल्याला हवा आहे. अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे गोळी घालून त्यांची हत्या झाली. सीबीआयच्या तपासात ती लुटीसाठी झालेली हत्या ठरली आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी धरले. हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला, तरी गुप्ततेची विनंती डोळ्यांसमोर असताना ते पत्र पुढे सरकवताना कोणकोणत्या अधिकाऱ्यांनी काय शेरे मारले, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते खरा चित्रपट त्या शेऱ्यांत आहे. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. ती फाईल कोणत्या विभागात, कोणत्या कारणाने थांबली, यावर उत्तम पटकथा होऊ शकते; आणि सुरुवात करायला लेखकाला माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो.